पुलाचं एक टोक मोकळं का ठेवतात?

नमस्कार मंडळी! मी गंगाखेडला गोदाकाठी उभा आहे आणि हातात आहेत तुराट्या.

(चौकट कॅमेऱ्यासमोर धरून)

चार तुराट्या सुतळीनं बांधून ही चौकट केली. कोपऱ्याला जरा रेटतो... बघा, झाली तिरपी. आता पाचवी तुराटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात बांधली. परत रेटतो. हलतच नाही! चौकटीचे दोन त्रिकोण झाले, आणि बाजू मोडल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नसतो.

मोंढ्यातल्या शेडला पत्र्याखाली कैची असते ना? ट्रसचा पूल म्हणजे नदीवर टाकलेली मोठी कैचीच. गाडी आली की वरचं लोखंड दाबलं जातं, खालचं ताणलं जातं, आणि तिरप्या पट्ट्या ते ओझं टोकाकडं नेऊन खांबांवर उतरवतात.

याच आपल्या गोदावरीवर, खाली पार राजमुंद्रीला, हॅवलॉक पूल आहे. 56 गाळ्यांचा! (दोन खांबांमधला पुलाचा भाग म्हणजे गाळा.) 1900 साली सुरू झाला, 1997 पर्यंत त्यावरून रेल्वे धावली. तो जमाना रिवेटचा, म्हणजे पट्ट्या जोडणाऱ्या जाड लोखंडी खिळ्यांचा. रिवेट लालभडक तापवायचा, भोकात घालायचा, दुसऱ्या बाजूनं ठोकून डोकं बसवायचं. थंड होताना तो आखडतो आणि पट्ट्यांना आवळून धरतो. जुन्या पुलावर ही डोकी ओळीनं दिसली की मी तिथंच रेंगाळतो.

आता खरी गंमत. मे महिन्यात दुपारी घरावरचे पत्रे तडतडतात, कारण लोखंड तापलं की वाढतं. समजा 45 मीटरचा गाळा आहे. तो 30 अंशांनी तापला की साधारण 16 मिलिमीटर लांब होतो, म्हणजे जवळपास बोटाच्या रुंदीएवढा. आपल्याकडं तर डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत याहून जास्त फरक पडतो. दोन्ही टोकं जखडली तर ते लोखंड जाणार कुठं? खांबालाच रेटणार. म्हणून एक टोक पक्कं बसवतात आणि दुसरं पोलादी रोलरवर ठेवतात. उन्हात गाळा त्यावर पुढं सरकतो, रात्री गारव्याला मागं येतो.

त्या रोलरमध्ये माती आणि गंज साचला की तो अडकतो, आणि सगळा रेटा खांबाच्या दगडी बांधकामावर येतो. तेव्हा असा पूल दिसला की काठावरूनच, रुळावर न जाता, फोनचा कॅमेरा झूम करा आणि खांबाच्या माथ्यावर बघा. गाळा जिथं टेकतो, तिथंच रोलर सापडेल.