चादर आला

(यंत्रमागाचा खडखडाट. पूर्व भागातली गल्ली.)

सोलापूरचा पूर्व भाग. आत माग चालू, बाहेर उंबऱ्यावर विड्या.

हात बघा. पान कापलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा गुंडाळला. आजींचं सुपाकडे लक्षही नाही. नातवाशी बोलणं चाललंय; तो मराठीत विचारतो, त्या तेलुगूत सांगतात. मध्येच म्हणतात, "चादर आला का?"

"आली म्हण की, आजी!"

(आजी हसतात.)

विशीत लग्न होऊन त्या तेलंगणातून इथं आल्या. तेलुगूत बाई आली, चादर आली, टॉवेल आला, सूत आलं, एकवचनात सगळ्यांना एकच 'वच्चिंदि'. पुरुष आला तरच क्रियापद बदलतं. मराठीत मात्र ती चादर, तो टॉवेल, ते सूत. टॉवेल पुल्लिंगी का, हे आपल्याला तरी कुठं सांगता येतं? लहानपणी कानावर पडलं, बसलं.

(मागावर उमटत जाणारी नक्षी.)

कान फार लवकर ठरतात. १९८४ साली कॅनडात वर्कर आणि टीस या संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. वर्षाच्या आसपास तो कळेनासा झाला. आजींचा 'ट' खणखणीत, 'ळ'सुद्धा, कारण दोन्ही तेलुगूत आहेत. 'भाजी'ची मात्र 'बाजी' होते.

व्याकरणाचं दार उशिरा मिटतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंग्रजी चाचणीवरच्या अभ्यासात व्याकरण शिकण्याची क्षमता सतराव्या वर्षाच्या आसपास उतरणीला लागलेली दिसली. पण १९७८चा एक अभ्यास आहे, नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा. त्यात सुरुवातीला सगळ्यांत मागे होती तीन ते पाच वर्षांची पोरं. मोठी माणसं त्यांच्या पुढे होती. हे कुणी फारसं सांगत नाही.

(दुपार. शेजारणी विड्या वळताहेत.)

आजींच्या कानावर मराठी पडली किती? शेजार तेलुगू, काम तेलुगू, देवळातल्या गप्पा तेलुगू. नातू रोज पाच तास मराठी शाळेत. दोघांना एकाच मापानं मोजायचं?

बँकेत, दवाखान्यात नातू सोबत लागतो. त्या दिवशी शाळा बुडते.

(संध्याकाळ. पंचवीस-पंचवीसचे कट्टे.)

"ओकटि, रेंडु, मूडु..." मोजणी आजींची. वहीत मराठी आकडे नातू मांडतो.