जर-तर उलटे करताना

श्रोतेहो, नमस्कार.

घराची आखणी करताना गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फुटांवर आणि दुसऱ्या दोरीवर 4 फुटांवर खूण करतो, त्या दोन खुणांमधले अंतर नेमके 5 फूट भरेपर्यंत दोरी सरकवत राहतो, आणि मग कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आला असे मानून खुंटी ठोकतो. तो पायथागोरसचे प्रमेय वापरतो असे आपण सहज म्हणून जातो, पण ते खरे नाही. त्रिकोण काटकोन असेल, तर कर्णाचा वर्ग इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, एवढेच ते प्रमेय सांगते. गवंडी उलटा निघालेला असतो: वर्गांचा मेळ बसला, म्हणून कोन काटकोन. हा झाला व्यत्यास. ग्रीक गणिती युक्लिडने आपल्या 'एलिमेंट्स' या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात प्रमेय 47 वे आणि व्यत्यास 48 वे असे मांडून दोहोंची सिद्धता वेगवेगळी दिली, आणि ते आवश्यकच होते.

कारण सशर्त विधानातील 'जर'चा भाग म्हणजे पूर्वांग आणि 'तर'चा भाग म्हणजे उत्तरांग यांची अदलाबदल केली, की व्यत्यास हे एक नवेच विधान जन्माला येते, आणि मूळ विधान खरे असले तरी ते खरे असेलच असे नाही. संख्येला 9 ने भाग जात असेल, तर 3 नेही जातो. पण 12 ला 3 ने भाग जातो, 9 ने जात नाही.

आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राने, हा भेद फार बारकाईने जपला, याचे मला विशेष अप्रूप वाटते. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्राच्या ग्रंथात जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हा अन्वय आहे. आणि जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, जसे सरोवर, हा व्यतिरेक आहे. व्यतिरेकात दोन्ही अंगांचा नकार होतो आणि क्रमही उलटतो, म्हणूनच मूळ विधान खरे असेल तर तोही खराच असतो. मात्र जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण लागते.

क्रम तसाच ठेवून नुसता नकार जोडला, तर 'धूर नाही, म्हणून अग्नी नाही' असे विधान मिळते. ते मूळ विधानासारखे भासले, तरी तो 'जिथे अग्नी तिथे धूर' या व्यत्यासाचाच व्यतिरेक आहे, आणि तो लालबुंद गोळा दोघांनाही एकाच वेळी खोटे ठरवतो.