भिंतीतली गोचीड

(दृश्य: सकाळ. कुडाचं घर, अंगणात उलटं घातलेलं डालगं.)

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. तिथल्या एका आजींकडे दहा-बारा गावरान कोंबड्या. नाव मात्र एकीलाच होतं, चंपी. चुलीपाशी येऊन परातीतल्या ज्वारीच्या पिठाला चोच लावायची मुभा तिलाच. पाहुणे आले आणि कोंबडी कापायची वेळ आली की आजी आधी चंपीला डालग्याखाली झाकत.

गेल्या उन्हाळ्यात चंपी बसून राहू लागली. लालबुंद तुरा पांढुरका पडला. एका सकाळी ती खुराड्यात मरून पडलेली सापडली.

शेजारी म्हणाले, "मानमोडी असन." कोंबडी मेली की गावात पहिलं नाव मानमोडीचंच निघतं. पण मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकीवर भागत नाही. हिरवट हगवण, वाकडी मान, आणि बघता बघता खुराडं रिकामं. इथं बाकीच्या चरत होत्या. अंडी तेवढी कमी झालेली, आणि दिवस मावळला तरी एकही आत जायला तयार नव्हती. कोंबड्यांनी तक्रार केव्हाच केली होती म्हणायची.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. कोंबड्या पाहिल्या आणि म्हणाले, रात्री बॅटरी घेऊन भिंत पाहा.

(दृश्य: रात्र. बॅटरीचा उजेड कुडाच्या भेगेवर.)

ही कोंबडीची गोचीड. चपटी, करडी. म्हशीच्या कानातली गोचीड दिवसचे दिवस चिकटून राहते, हिचं तसं नाही. अंधारात येते, अर्ध्या-एक तासात रक्त पिऊन टरारते आणि पुन्हा भेगेत. म्हणून दिवसा कोंबडी उचलून पाहिली तर अंगावर फारसं काही सापडत नाही. पंख उचलला तर कातडीला चिकटलेली बारीक पिल्लं दिसतात, ती तेवढी काही दिवस अंगावर राहतात.

चंपीची बसायची जागा भिंतीला लागून होती.

उपाय म्हटला की इकडे हात आधी कपाशीच्या औषधाकडे जातो. याच जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली. आजींनी तो डबा घराबाहेरच ठेवला. डॉक्टरांनी दिलेलं औषध भिंतीवर मारलं, कोंबड्या बाहेर काढून. पक्क्या भिंतीच्या भेगांना आगीची झळही देतात, पण इथं भिंतच पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची. मग शेणामातीनं भेगा लिंपल्या, वरून चुना. बसायचा जुना दांडा चुलीत गेला. नवा दांडा भिंतीपासून लांब, त्याचे पाय जळक्या ऑइलच्या डब्यांत.

खुराडं महिनाभर रिकामं ठेवलं तर गोचिडी उपाशी मरतील, या भरवशावर राहता येत नाही. वर्षाहून जास्त काळ त्या रक्ताशिवाय तग धरतात. अंडीही भेगेतच असतात, म्हणून फवारणी पुन्हा करायची.

त्याच फेरीत जंताचं औषधही पाण्यातून पाजलं. पाजल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे आजींनी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं. उवांसाठी चुलीची राख आणि कोरडी माती खड्ड्यात टाकली. लोळायचं काम कोंबड्या आपणहून करतात.

अंडी अजून पहिल्यासारखी नाहीत. आजींना त्याची घाई नाही. "आधी त्या भितीतल्या मरू दे, मंग अंड्याचं पाहू."