झुआरीच्या दोन्ही काठांवर

(दृश्य : राशोलची सेमिनरी, खाली झुआरी)

हे गोव्याच्या सासष्टीतलं राशोल. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेजुइट पाद्री 1579 साली गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत, इथलाच होऊन राहिला. त्याचं क्रिस्तपुराण 1616 साली राशोलला छापलं गेलं. मराठीत, ओवीबद्ध, पण रोमन अक्षरांत. कोकणीचं व्याकरणही त्यानेच लिहिलं; ते त्याच्या पश्चात, 1640 मध्ये छापून आलं. हेतू धर्मप्रसाराचा होता, यात शंका नाही. तरीही परक्या मुलखातल्या माणसाने नुसतं कामापुरतं बोलणं न शिकता, इथल्या लोकांच्या कानात बसलेली ओवी आपलीशी करावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

(दृश्य : बोरीचा पूल)

पूल ओलांडला की बोरी, बाकीबाब बोरकरांचं गाव. घरी कोकणी, शिक्षण पोर्तुगीजमधून, आणि कविता मराठीतही, कोकणीतही. मराठीने त्यांना डोक्यावर घेतलं. साहित्य अकादमीचा पुरस्कार 1981 साली मिळाला तो ‘ससाय’ या कोकणी संग्रहाला. एका भाषेचं दुसरीने काहीही हिरावून घेतलं नाही.

भाषेच्या वादात गोव्याने पुष्कळ सोसलंय. 1987 च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा राहिली. वाद अजून शमलेला नाही. पण घरातलं चित्र वेगळं आहे : भांडण कोकणीत, आरती मराठीत, सकाळी मराठी पेपर वाचायचा आणि त्यातल्या बातमीवर तावातावाने बोलायचं ते कोकणीत.

(दृश्य : म्हापसा, शुक्रवारचा बाजार)

या केळीवालीकडे नीट बघा. गावचं गिऱ्हाईक म्हणतं, “मातशें उणें कर गे.” ती कोकणीत नकार देते, हसून. तेवढ्यात महाराष्ट्रातल्या बांद्याहून आलेल्या बाई भाव विचारतात. “घ्या ताई, घरची आहेत,” हे मराठीत. मागे उभ्या पर्यटकाला हिंदीत सुट्टे पैसे मागते. समोर कोण आहे हे ओळखायचं, एक भाषा आवरायची, दुसरी काढायची, आणि हिशेबही चुकू द्यायचा नाही. मेंदूला हे काम दिवसभर चालू असतं.

याचा उपयोग काय, हे हैदराबादच्या निम्स या वैद्यकीय संस्थेत तेव्हा असलेल्या डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी तपासलं. स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांची पाहणी 2013 साली प्रसिद्ध झाली. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. शाळेची पायरी न चढलेल्यांतही हा फरक होता, म्हणजे श्रेय नुसत्या शिक्षणाचं नव्हे. भाषा आल्या की आजार टळतो, असा मात्र याचा अर्थ नाही, आणि या विषयावर सगळ्या संशोधकांचं एकमतही नाही.

मुलांचा गोंधळ होईल, या भीतीने हल्ली कित्येक घरांत आई-वडील मुलांशी फक्त इंग्रजीत बोलतात. मला हे बघवत नाही. दोन भाषांत वाढणारं मूल सुरुवातीला शब्दांची सरमिसळ करतं. त्यात काळजीचं काही नाही. आजीशी काय बोलायचं आणि बाईंशी काय, हे त्याला लवकरच उमगतं. मात्र भाषा रोज कानावर पडायला हवी. आठवड्यातून एकदा शिकवणी लावून ते साधत नाही. त्यासाठी घरात ती बोलणारं माणूस हवं, आणि त्या माणसाला मुलाशी बोलायला सवड हवी.