माझ्या वतीनं कोण बोलणार?

(दादरमधल्या ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत एका निवृत्त परिचारिकेनं दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, आधी एक घोटाळा दूर करते. लिव्हिंग विल म्हणजे मृत्युपत्र नव्हे. मृत्युपत्र आपण गेल्यावर उघडतात. लिव्हिंग विल लागतं ते आपण जिवंत असतो पण बोलू शकत नाही तेव्हा. इंजेक्शन देऊन कुणाचं आयुष्य संपवायला आपल्याकडे कायद्यानं परवानगी नाही, तेही यात बसत नाही. बरं होण्याची आशा संपल्यावर कुठले उपचार नकोत, एवढंच त्यात लिहायचं.

आयसीयूत मी तीस वर्षं काढली. एक आजोबा अजून डोळ्यांसमोर येतात. व्हेंटिलेटरवर अठरावा दिवस. नळी ओढू नये म्हणून दोन्ही मनगटं बँडेजनं खाटेच्या कठड्याला बांधलेली. बाहेर बाकावर तीन मुलं. थोरली म्हणायची, ‘शेजारच्या काकांच्या दहाव्याहून आले तेव्हा बाबा जेवताना म्हणाले होते, मला असल्या नळ्या लावू नका.’ मधला म्हणायचा, ‘ते आपलं त्रासून बोलले.’ धाकटा त्या दिवशी घरीच नव्हता. मी डायलिसिसच्या सहीसाठी कागद घेऊन जायची आणि ती मुलगी पेन हातात धरून नुसती उभी राहायची. आजोबा बाविसाव्या दिवशी गेले. बाराव्यापर्यंत भावंडं एकमेकांशी धड बोलत नव्हती, असं पुढे तिनंच मला सांगितलं. बाबा बोलले होते हो, पण लिहिलं नव्हतं.

आपल्या परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग तुम्हाला ठाऊक आहेत. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या खाटेला खिळल्या आणि १८ मे २०१५ ला गेल्या. जवळपास साडेएक्केचाळीस वर्षं! तिथल्या सिस्टरांनी त्यांना बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ दिला नाही. हे किती कठीण असतं ते मला विचारा. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं अन्न थांबवायला नकार दिला, पण काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालात उघडली. सिस्टरांच्या मायेबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण स्वतः अरुणाताईंना काय हवं होतं, हे कुणालाच विचारता आलं नाही.

९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं, सन्मानानं मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्येच येतो, असं सांगून लिव्हिंग विलला मान्यता दिली. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे लोक त्या वाटेला जाईनात. जानेवारी २०२३ मध्ये ती अट काढली. आता दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. एक प्रत स्थानिक प्रशासनाच्या, म्हणजे आपल्याकडे महापालिकेच्या, अधिकाऱ्याकडे जपून ठेवायला द्यायची.

मला सगळीकडे एकच भीती विचारतात: ‘सिस्टर, उद्या खोलीसाठी मुलांनीच घाई केली तर?’ या मुंबईत ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण एकट्या मुलाच्या शब्दावर काही होत नाही. आधी रुग्णालयातल्या डॉक्टरांचं एक मंडळ बघतं, मग दुसरं. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्यक्ष अंमल करण्याआधी मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं. शिवाय शुद्धीत असेपर्यंत तुम्ही तुमचा कागद कधीही लेखी रद्द करू शकता, बदलू शकता.

माझा कागद मी गेल्या वर्षी केला. व्हेंटिलेटर नको, हृदय थांबल्यावर छाती दाबणं नको. वेदनेचं औषध मात्र शेवटपर्यंत द्यायचं, कूस बदलायची, ओठ ओले ठेवायचे. हे थांबवायचं नसतं, आणि तेही लिहून ठेवा. निर्णय सांगणारं माणूस म्हणून मुलाचं नाव घालणार होते. तो म्हणाला, ‘आई, माझ्याच्यानं नाही होणार.’ सून पोळ्या लाटत होती. हात पुसून आली आणि म्हणाली, ‘माझं घाला.’ पहिलं नाव तिचं आहे, दुसरं मुलाचं. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे आहे, एक कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत, आणि ती पिशवी कुठे असते ते दोघांनाही माहीत आहे.