चाळिशी, गोळ्यांची पट्टी आणि गल्लीतला वर्ग

(कोल्हापुरात पेठेतल्या स्वयंसेवकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तालमीच्या हॉलमध्ये साक्षरता वर्ग सुरू करायचा म्हटलं की पहिल्या बैठकीत फळा, खडू, पाट्या, फ्लेक्स आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यातच तास जातो. चष्म्याचा विषय कुणी काढत नाही. आणि वर्ग पहिल्यांदा अडतो तो तिथंच.

वर्गाला येणाऱ्या बायका बऱ्याचदा पंचेचाळिशीच्या पुढच्या असतात. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर दिसायला लागतं. शिकलेल्या माणसाच्या हे लगेच लक्षात येतं, कारण पेपर लांब धरावा लागतो. जिनं उभ्या जन्मात पेपर हातात धरला नाही तिला कसं कळावं? तिला 'प' आणि 'ष' सारखेच दिसतात, 'घ' आणि 'ध' सारखेच दिसतात, आणि ती म्हणते, "माझ्या डोक्यात शिरत न्हाई बाळा." चार दिवसांनी ती यायची बंद होते. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं जातं 'इच्छा नाही'.

म्हणून पाटी देण्याआधी डोळे बघा. तांदूळ निवडताना परात लांब सरकवावी लागते का, सुईत दोरा ओवायला नातवंडाला हाक मारावी लागते का, एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं. पुढची तपासणी अक्षरांच्या तक्त्यावर होणार नाही, कारण अक्षर येत नाही म्हणून तर ती आली आहे. त्यासाठी इंग्रजी 'ई'च्या आकाराचा तक्ता मिळतो. ई-चे तीन दात वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, ते तिनं हातानं दाखवायचं. लांबचा तक्ता सहा मीटरवर, जवळचं कार्ड चाळीस सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर. एकेक डोळा वेगळा तपासायचा आणि दुसरा तळहातानं नुसता झाकायचा. बोटांनी दाबून धरला तर तो उघडल्यावर काही वेळ अंधूकच दिसतं आणि आकडा चुकतो. जवळच्या चष्म्याचा नंबर वयाप्रमाणे वाढतो: पंचेचाळिशीला एक ते दीड, पंचावन्नला दोन, साठीनंतर अडीचच्या आसपास. हा फक्त अंदाज. तयार चष्म्यांचा गठ्ठा आणून हातोहात वाटू नका. चष्मा लावूनही एका डोळ्यानं अंधूक दिसत असेल, दिव्याभोवती कडं दिसत असेल, तर मोतीबिंदू असू शकतो. शुगरच्या माणसाला आतल्या पडद्याचा त्रास असू शकतो. तिथं आपलं काम एवढंच, की तिला सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात घेऊन जायचं. चिठ्ठी देऊन मोकळं व्हायचं नाही, कारण तिथला बोर्ड तिला वाचता येत नाही.

आता माणसं गोळा कशी करायची? या गावात ते एका अर्थानं अवघड आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्याचा अभिमान आपल्याला आहेच. पण अशा गावात 'मला वाचता येत नाही' म्हणायला जास्त लाज वाटते. दारात उभं राहून "घरात निरक्षर कोण?" असं मोठ्यानं विचारलं की सून म्हणते, "कुणी न्हाई." सासू आतून ऐकत असते. त्यापेक्षा विचारा, "आक्का, केएमटी बसचा बोर्ड कोण वाचून सांगतं? गोळ्या कोण काढून देतं?" उत्तर लगेच मिळतं.

त्याहून चांगलं दार म्हणजे बीपी. वर्गाला येणार नाही ती बाई बीपी बघायला येते. म्हणून आठवड्यातून एक दिवस, एकाच ठिकाणी, एकाच वेळेला यंत्र घेऊन बसा. पण ते नीट बघा, कारण घाईत घेतलेला बीपी खोटा असतो. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नाही. लघवीला जाऊन यायचं. पाच मिनिटं पाठ टेकून खुर्चीवर बसायचं, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाहीत. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. हात खाली लोंबत असला तर आकडा जास्त येतो. जाड दंडाला लहान पट्टा आवळला तरी जास्त येतो. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. ब्लाऊजची बाही घट्ट असेल तर ती वर सरकवून गुंडाळी करू नका, ती दोरीसारखी आवळते. सैल बाहीची सोय आधीच सांगून ठेवा. यंत्र चालू असताना बोलायचं नाही, आपणही विचारायचं नाही. आमच्याकडे हेच सगळ्यात अवघड! एक-दीड मिनिटानं पुन्हा घ्यायचा आणि सरासरी धरायची. एका दिवसाच्या १५० वरून कुणाला 'तुम्हाला बीपी आहे' म्हणू नका. वेगवेगळ्या दिवशी वरचा १४० किंवा खालचा ९० आणि त्यापुढे येत राहिला की डॉक्टरांकडे. वरचा १८० किंवा खालचा ११० पार गेला तर पाच मिनिटांनी पुन्हा घ्या. तसाच राहिला तर त्याच दिवशी दवाखाना. सोबत छातीत दुखत असेल, जीभ अडखळत असेल, हातपाय लुळा पडत असेल तर थांबायचं नाही, थेट १०८.

आणि आता मुख्य गोष्ट. यंत्रावरचा आकडा तिच्या कार्डावर तुम्ही लिहू नका. तिला लिहू द्या. पहिल्या आठवड्यात तुम्ही कागदावर काढाल आणि ती गिरवेल, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती यंत्राकडे बघून उतरवेल. मग शेजारी तुमची सही. तिच्या वहीतलं पहिलं पान तिच्या स्वतःच्या अंगाचं असतं आणि ते पान ती हरवत नाही.

इथंच एक खड्डा आहे. आपले वर्ग देवनागरी अंक शिकवतात. बरोबरच आहे, परीक्षेला लागतात. पण बीपीचं यंत्र, मोबाइल, गोळ्यांची पट्टी, सिलिंडरची पावती, सगळीकडे इंग्रजी अंक. आणि ते नुसते वेगळे नाहीत, फसवे आहेत. इंग्रजी आठ आपल्या चारच्या जवळ जातो, इंग्रजी नऊ आपल्या एकसारखा दिसतो. नव्यानं शिकलेली बाई १८८ हा आकडा १४४ म्हणून सांगू शकते. म्हणून दोन्ही अंक पहिल्यापासून शेजारी शेजारी लिहा आणि चार-आठ, एक-नऊ या जोड्या मुद्दाम आधी घ्या.

अक्षरांचंही तसंच. मोठ्या माणसाला 'क कमळाचा'पासून 'ज्ञ'पर्यंत चालवत नेलं तर ती 'ट'पर्यंत पोचायच्या आत कंटाळते. 'गोळी' हा शब्द घ्या. त्यातून 'ग' आणि 'ळ', त्यांच्यासोबत 'ो' आणि 'ी'. त्याच दोन अक्षरांतून 'गूळ', 'गाळ', 'गोळा'. मग 'पाणी', 'दवा', 'दूध', 'रिकामं'. महिनाभरात चाळीसेक शब्द बसले की बाराखडीचा तक्ता भिंतीवर लावा; तेव्हा तो कोडं वाटत नाही, हिशेब वाटतो. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. रफार तर अगदीच शेवटी.

गोळ्यांच्या पट्टीचा एक तास वेगळा ठेवा आणि रिकाम्या पट्ट्या घरूनच आणायला सांगा. मुदतीची तारीख पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते, तिच्याआधी ई, एक्स, पी ही तीन इंग्रजी अक्षरं. ती तीन अक्षरं चित्रासारखी ओळखू आली तरी पुरे. गोळ्या नेहमी दुसऱ्या टोकाकडून काढायच्या. पट्टी कात्रीनं कापून डबीत टाकली की तारखेचा तुकडा कचऱ्यात जातो आणि दोन पांढऱ्या गोळ्यांत फरक राहत नाही. मग चिठ्ठीवरचं '१-०-१', म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. यातलं शून्य म्हणजे 'घ्यायची नाही' हे शिकवावं लागतं. ते आपोआप कळतं हा आपला गैरसमज.

शुगरबद्दल थोडक्यात. बोट साबणानं धुऊन पूर्ण कोरडं करा. गुळाचा खडा किंवा आंबा हाताळलेलं बोट तसंच टोचलं तर शुगर भलतीच जास्त दिसते, आणि आपल्या जिल्ह्यात गूळ कुठल्या घरात नाही? नुसतं स्पिरिट लावणं म्हणजे धुणं नाही. शुगरच्या यंत्राच्या पट्ट्यांची डबी पावसाळ्यात उघडी राहिली की पट्ट्या खराब होतात. सुई दर माणसाला नवी, आणि वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या डब्यात. डबा दवाखान्यात परत.

सहीविषयी मात्र सावध राहा. बायकांना आधी सही हवी असते आणि ती द्यावी, अंगठ्याची लाज मोठी असते. पण सही चित्रासारखी आठ दिवसांत जमते आणि मग वर्ग सुटतो. कर्जाच्या कागदावर वाचता न येता सही करणारी बाई अंगठा लावणाऱ्या बाईपेक्षा जास्त अडचणीत येते. अंगठा लावताना निदान कुणीतरी वाचून दाखवतं. म्हणून सहीसोबत 'रक्कम', 'हप्ता', 'व्याज', 'जामीन' हे चार शब्द शिकवल्याशिवाय सही पक्की धरू नका.

नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा १५० गुणांची आहे: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. तिच्यासाठी नाव नोंदवा, प्रमाणपत्र मिळवा. पण त्या तारखेला वर्ग संपला असं धरू नका. सहा महिने वाचलं नाही तर अक्षर विसरतं.

स्वयंसेवकांचं बोलू. कॉलेजची मुलं उत्साही असतात, एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, वर्षाला १२० तास भरायचे असतात, आणि परीक्षा आली की ती जातात. त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून प्रत्येक मुलामागे त्याच गल्लीतली एक शिकलेली सून किंवा निवृत्त माणूस जोडीला हवा. एका जोडीकडे बारा-पंधरा घरं, त्याहून जास्त नको. वेळ दुपारी दोन ते साडेतीन, म्हणजे भांडी झाल्यावर आणि पोरं शाळेतून यायच्या आत. संध्याकाळी सातनंतर मालिका असतात, तिथं तुम्ही हरणार. नवरात्र, जोतिबाची यात्रा, गणपतीचे दिवस सरळ सुट्टी जाहीर करा. वर्ग पुन्हा कोणत्या दिवशी, ते मात्र जाण्याआधी प्रत्येकीकडून तिच्या वहीत लिहून घ्या. आशाताईंना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. तुमच्या यादीतलं नाव त्यांच्या यादीत गेलं नाही तर सरकारी औषध मिळायला उशीर होतो. आणि कुणाचे आकडे, कुणाचं दुखणं कट्ट्यावर बोलायचं नाही. कुणाला दोन आठवडे खोकला आहे, कुणाची थुंकी तपासायला पाठवली, हे गल्लीत फुटलं की पुढच्या आठवड्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

शेवटचा विषय पावसाळ्याचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर इशारा पातळीला आणि ४३ फुटांवर धोका पातळीला पोचते, हे इथल्या पोरांनाही पाठ आहे. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. सखल गल्ल्यांत वर्ग चालवणाऱ्यांनी जूनमध्येच एक पान भरून घ्यावं: नाव, रोज लागणारं औषध, किती वेळा, कुणाकडे जाणार. ते तिनंच लिहिलेलं हवं. दोन प्लॅस्टिक पिशव्यांत, एकीत एक, गोळ्यांसोबत. पूर ओसरल्यावर पिंपातल्या पाण्याला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी पिंपात ओतायचं आणि किमान अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यातला क्लोरीन गाळातच संपून जातो, म्हणून आधी तुरटी आणि चार पदरी फडकं. पोतं उघडं राहिलेली जुनी पावडर निकामी असते, तेव्हा पाण्यातला क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टचा पिवळा रंग आल्याशिवाय पाणी कुणाला देऊ नका. आणि इन्सुलिन घेणारं कुणी त्या पानावर असेल तर लाइट गेल्यावर बाटली बर्फात पुरू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. पिशवीत बांधून, ओल्या फडक्यानं गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवा, आणि मडकं माळ्यावर, पाणी पोचणार नाही तिथं.