आधी कड बघा, मग बाइट

मित्रांनो, आजकाल स्वस्तातल्या डिजिटल स्कोपलाही (ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) डिकोडची, म्हणजे सिग्नलचा अर्थ आपोआप लावण्याची, सोय असते. बटण दाबलं की पडद्याच्या तळाशी बाइट उमटतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, शिकताना पहिले काही दिवस ते बटण बंद ठेवा.

यूआर्टपासून, म्हणजे एका तारेवरून एकेक बिट पाठवण्याच्या साध्या पद्धतीपासून, सुरुवात करू. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. टाइमबेस, म्हणजे पडद्यावरच्या एका आडव्या चौकटीचा वेळ, १०० मायक्रोसेकंदांवर ठेवा, म्हणजे एक बिट साधारण एका चौकटीत बसतो. ट्रिगर फॉलिंग एजवर (लाइन खाली येताच स्कोपने टिपावं म्हणून), मोड सिंगल (एकदाच टिपून थांबावं म्हणून). आता इंग्रजी कॅपिटल ‘ए’ पाठवा. निवांत असताना लाइन वर असते. ती एक चौकट खाली येते, हा स्टार्ट बिट. मग एक चौकट वर, पाच खाली, एक वर, एक खाली, आणि शेवटी वर, तो स्टॉप. मधले आठ बिट झाले १०००००१०. यूआर्ट सर्वात कमी किमतीचा बिट आधी पाठवतो, म्हणून उलटे वाचा: ०१०००००१, म्हणजे ६५. हाच ‘ए’चा सांकेतिक क्रमांक. एकदा असं हाताने वाचलंत की बॉडरेट चुकला तरी चौकटी मोजून तुम्हीच तो शोधाल.

आयटूसीची, म्हणजे डेटा आणि क्लॉक अशा दोन तारांवर चिप्सना बोलायला लावणाऱ्या पद्धतीची, गोष्ट निराळी. तिथे चिप लाइन फक्त खाली ओढते, वर न्यायचं काम पुल-अप रेझिस्टरचं, म्हणजे लाइन सप्लायला जोडणाऱ्या रेझिस्टरचं. त्यामुळे खाली येणारी कड ताठ दिसते आणि वर जाणारी वाकलेली, कपॅसिटर चार्ज होताना दिसते तशी. आयटूसीचे निम्मे आजार या वाकलेल्या कडेत असतात, असं माझं मत आहे.

माझ्याकडे एक बोर्ड आला होता. तापमानाचा सेन्सर मीटरभर केबलच्या टोकाला, क्लॉक ४०० किलोहर्ट्झ. रीडिंग मधूनच चुकायचं. मी दोन दिवस कोडमध्ये घालवले, त्याची अजून खंत वाटते. शेवटी स्कोपचा प्रोब लावला, तर बस (आयटूसीच्या त्या दोन तारा) पूर्ण बंद! प्रोबची कळ १एक्सवर होती, म्हणजे प्रोबचा कपॅसिटन्स लाइनवर जास्त पडत होता. १०एक्सवर केली, तर बस पुन्हा अडखळत सुरू. निदान तिथेच झालं. पुल-अप १० किलोओहमचे, केबल आणि चिप मिळून कपॅसिटन्स साधारण १०० पिकोफॅरड. या हिशेबाने लाइनला ७० टक्के व्होल्टेजपर्यंत चढायलाच १.२ मायक्रोसेकंद लागतात, आणि क्लॉकची अर्धी फेरी असते १.२५ ची. १एक्स प्रोबने आणखी तेवढाच कपॅसिटन्स घातला आणि उरलासुरला वाव संपला. २.२ किलोओहम लावले, कड उभी राहिली, रीडिंग चुकायचं थांबलं. कोडला हात लावावा लागला नाही.

हे बाइटच्या तक्त्यात दिसलं नसतं. तक्ता फार तर ‘ॲक नाही’, म्हणजे पलीकडून पोच आली नाही, एवढंच सांगतो.

ॲकचा विषय निघालाच आहे, तर नववा क्लॉक जवळून बघा. मास्टर, म्हणजे क्लॉक चालवणारी चिप, बाइट पाठवत असेल तर आठ बिट तो लाइन खाली ओढतो, नवव्याला पोच म्हणून सेन्सर. दोघांची ओढण्याची ताकद सारखी नसते, म्हणून व्होल्टेजची स्केल मोठी केली की नवव्या बिटची तळरेघ बऱ्याचदा किंचित वरखाली बसलेली दिसते. ती पायरी दिसली की समजा, या क्षणी पलीकडची चिप बोलते आहे.